रंगानंतर बॉक्सकारच्या कोपऱ्यात पुन्हा उमटणारी रेघ

माझ्या फडताळात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया रेल्वेरोडच्या एक्स-२९ वर्गातल्या तीन छोट्या मॉडेल बॉक्सकार उभ्या आहेत. तिघींची टोकं, म्हणजे पुढच्या-मागच्या भिंती, मी कापून बदलली, कोपरे नखाला काही लागणार नाही इतके घासले, प्रायमर मारून टॉर्चखाली पाहिले. रंग झाला, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरं-चिन्हं) झाले, वर मॅट वार्निशही झालं. महिना-दीड महिना गेला आणि एका सकाळी पहिलीच्या कोपऱ्यात छतापासून खालपर्यंत बारीक उभी रेघ. पुट्टी कमी पडली असणार, असं म्हणून दुसरीला दणकून पुट्टी लावली. तिची रेघ आणखी रुंद आली. तिसरीला गोंदच बदलला, तर रेघ नाही, सरळ तडाच गेला.

किटची टोकं, छप्पर किंवा दारं बदलून मॉडेल खऱ्या डब्याशी जुळवणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधी ना कधी भेटतो. दर वेळी उपायही तोच: पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा रंग. चौथ्या डब्याच्या वेळी मी हे सगळं बाजूला ठेवलं आणि आधीच्या तिघींच्या रेघा नीट तपासल्या. तिन्ही रेघा एकाच रोगाच्या निघाल्या नाहीत. एकाच औषधाने बऱ्या होणार कशा? चौथा डबा आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून स्वच्छ उभा आहे, म्हणून हे लिहायची हिंमत करतोय.

आधी बॉडी बरोबर आहे का?

बॉक्सकार म्हणजे आपल्याकडची बंद वाघीण. लांबून सगळ्या सारख्याच तपकिरी खोक्यासारख्या दिसतात, आणि तिथेच फसगत होते. एक्स-२९ हा डबा १९२४ पासून हजारोंनी बांधला गेला. त्याची आतली उंची ८ फूट ७ इंच. नंतर आलेल्या १९३७ च्या एएआर (अमेरिकी रेल्वे कंपन्यांची संघटना) प्रमाणित डब्याची उंची १० फूट, आणि त्याच्याच सुधारित आवृत्तीची १० फूट ६ इंच. एचओ मापात, म्हणजे १:८७.१ ला, पहिला फरक जवळजवळ ५ मिमी आणि दुसरा ६.७ मिमी. एकूण १४० मिमी लांबीच्या खेळात हे फार झालं. उंच बॉडीवर पेन्सिल्व्हेनियाचं चिन्ह लावलं म्हणून ती एक्स-२९ होत नाही. गाड्यांच्या रांगेत ती बुटक्या भावंडांत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी दिसते.

काही जण खालून ५ मिमीची पट्टी कापून उंची उतरवतात. मीही एकदा तो उद्योग केला आहे. रिव्हेटांच्या रांगा, शिडीच्या पायऱ्या, दाराची पन्हाळ, सगळ्यांचा हिशेब बिघडतो. वर जोडाची लांबी इतकी वाढते की रेघ शोधावी लागत नाही, रेघेतून डबा शोधावा लागतो. जितक्या जोडी कमी तितका त्रास कमी. म्हणून कापाकापीआधी दोन गोष्टी पाहाव्यात: किटची उंची, आणि ज्या नंबराचा डबा करायचा त्याच नंबराचा, निदान त्याच मालिकेतला, फोटो. ‘एक्स-२९ असाच असतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

कारण एक्स-२९ सुद्धा एकसारखी नाही. सुरुवातीच्या डब्यांना सपाट पत्र्याची टोकं होती, पुढच्या उत्पादनात ‘ड्रेडनॉट’ नावाची पन्हाळीदार टोकं आली. दारंही बदलली: आधी क्रेको बनावटीची, मग यंगस्टाउन बनावटीची पन्हाळीची. भाचा ओहायोहून येताना जे किट घेऊन आला त्याला ड्रेडनॉट टोकं होती, आणि माझ्याकडच्या फोटोतल्या नंबराला सपाट. म्हणजे टोकं कापणं आलं.

सपाट टोक बनवायला अगदी सोपं. पाऊण मिमीची स्टायरीन प्लास्टिकची शीट चौकोनी कापली की झालं. अडचण जोड लपवताना येते. पन्हाळीच्या टोकावर सावल्यांचा इतका गोंधळ असतो की लहानसहान चर त्यात हरवून जाते. सपाट पत्र्यावर लपायला जागाच नाही. जोड एक दशांश मिमी खचली तर तो खऱ्या डब्यावरचा जवळजवळ ९ मिमी खोल चर झाला. मालडब्याला असा चर पडला तर तो यार्डातून थेट दुरुस्तीला जाईल.

रेघ कसली आहे ते ओळखा

खोलीतले दिवे बंद करा. टॉर्च डब्याच्या बाजूला चिकटवून जवळजवळ समांतर धरा आणि डबा हळूहळू फिरवा. मग रेघेवर नख आडवं फिरवा. एवढ्याने निदान होतं.

नख अलगद खाली जाऊन वर आलं, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना उतार आहे असं वाटलं, तर जोड खचली आहे. ही सगळ्यात जास्त आढळणारी रेघ. माझ्या पहिलीची आणि दुसरीचीही हीच.

स्टायरीन चिकटवायचं पातळ द्रव म्हणजे गोंद नव्हे, तो विलायक. एमईके असो, डायक्लोरोमिथेन असो किंवा ॲक्रिलिकचे बोर्ड बनवणाऱ्यांकडचं द्रव असो, तो दोन्ही कडा विरघळवतो. कडा मऊ होऊन फुगतात आणि एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या दिवशी जोड हाताला टणक लागते, म्हणून आपण पॉलिश पेपर घेऊन बसतो. पण आत अजून विलायक असतो आणि प्लास्टिक अजून फुगलेलं असतं. आपण तो फुगवटा घासून सपाट करतो. पुढचे कितीतरी दिवस विलायक हळूहळू उडत राहतो, फुगवटा बसतो, आणि जिथे सपाट होतं तिथे चर पडतो. टम्म फुगलेल्या फुलक्याचा वरचा भाग सुरीने सपाट केला आणि मग वाफ जाऊ दिली तर काय होईल, तेच.

दुसरीला रुंद रेघ का आली ते आता कळलं असेल. ट्यूबमधली हिरवट किंवा पांढरी मॉडेल पुट्टी बहुधा थिनरच्याच जातीच्या द्रवात कालवलेली असते. ती स्वतः आकसते आणि आकसताना खालचं स्टायरीनही मऊ करते. मी खचणाऱ्या जोडीवर खचणारं भरण घातलं, तेही दुप्पट, आणि वर तिसऱ्याच दिवशी घासलं. तिथे घरातल्यांचा सल्ला होता, ‘अहो, ही रेघ तुमच्याशिवाय कुणाला दिसणार आहे?’ खरं आहे. पण एकदा दिसली की मग दुसरं काहीच दिसत नाही.

नख उलट वर चढलं, म्हणजे रेघेच्या जागी बारीक वरंबा असेल, तर भरण प्लास्टिकपेक्षा कडक आहे. फेविक्विक भरणाला वापरणाऱ्यांना हे भेटतं. फेविक्विक आकसत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण रात्रभर ठेवलं की ते स्टायरीनपेक्षा टणक होतं. मग पॉलिश पेपर दोन्ही बाजूंचं मऊ स्टायरीन खातो आणि मधलं तसंच उरतं. उपाय साधा आहे: लावल्यापासून तासाभरात घासून टाकायचं. आणि नुसतं न लावता त्यात टाल्कम पावडर कालवायची. शिरखुर्म्याइतकं पातळ नको, पिठल्याइतकं दाट. पावडरीमुळे ते स्टायरीनसारखंच घासलं जातं.

नख अडकलं, रेघ धारदार असली, आणि बाजू हलकेच दाबली की ती उघडझाप करत असली, तर तो तडा. इथे पुट्टीचं काही काम नाही. जोडीवर कुठून तरी ताण येतो आहे आणि तो आतून येतो.

माझ्या तिसरीत दोन चुका एकत्र होत्या. नवीन टोक नुसत्या कडेवर कड ठेवून फेविक्विकने लावलेलं. हा गोंद ओढ सहन करतो, पण आडवा धक्का बसला की काचेसारखा सुटतो. दुसरी चूक वजनाची. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी डब्याला ते साधारण १०६ ग्रॅम येतं. त्यासाठी मी तळाच्या पूर्ण लांबीची लोखंडी पट्टी फेविक्विकने पक्की बसवली होती. डबा माळ्यावरच्या पेटीत, आणि एप्रिल-मे पुण्यातला. स्टायरीन लोखंडापेक्षा पाच-सहा पट प्रसरण पावतं. १३० मिमी लांबीत, २० अंशांच्या फरकाला, दोघांत सुमारे ०.१५ मिमीची तफावत पडते. पट्टी जागची हलत नाही, तळ वाकतो, तळ बाजूंना ढकलतो, आणि सगळ्यात अशक्त जागा सुटते. ती म्हणजे माझा कोपरा. आता मी वजन चार तुकड्यांत घालतो, प्रत्येक तुकडा सिलिकॉनच्या थेंबावर. तळ बॉडीत नुसता सोडला की स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. अंगठ्याने दाबावा लागत असेल तर कडेला कानस फिरवा, दोन दशांश मिमी पुरे.

शेवटचा प्रकार म्हणजे नखाला काहीच लागत नाही, पण डोळ्याला दिसतं. रंगाखालून जुन्या शिडीचा, जुन्या हातकडीचा (चढताना हाताने धरायच्या कडीचा) पुसट ठसा. किटवर साच्यातच आलेल्या शिड्या आणि हातकड्या खरवडून तिथे तारेच्या लावल्या की हा त्रास होतो. छिन्नीसारखं ब्लेड दाबून चालवलं की खालचं प्लास्टिक दबतं. घासल्यावर पृष्ठभाग सपाट दिसतो, पण दबलेला भाग दबलेलाच असतो. मग त्यावर गाड्यांच्या रंगाच्या स्प्रेसारखा तिखट थिनरचा रंग पडला की तो भाग पुन्हा फुगून वर येतो, आणि काढलेली शिडी भुतासारखी परत येते. ब्लेड दाबायचं नाही. शेवटचा पाव मिमी धार जवळजवळ उभी धरून खरवडून काढायचा, मग आठशे आणि हजार नंबरचा ओला पॉलिश पेपर. पहिला थर पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक प्रायमरचा, पातळ, दोनदा. तो बसल्यावर वर कुठलाही रंग द्या.

चौथा डबा

जोड लपवायचीच कशाला, हा प्रश्न मला तिसऱ्या अपयशानंतर पडला. खरा डबाही पत्र्यांचा जोडून केलेला असतो. फोटो मोठा करून पाहिला तर टोकाचा पत्रा कोपऱ्याजवळ कुठे संपतो, रिव्हेटांची उभी रांग कुठे उतरते, ते दिसतं. मी मात्र तिन्ही वेळा कोपऱ्याच्या बरोबर धारेवर कापलं होतं, कारण करवत तिथे सोपी चालते. म्हणजे खऱ्या डब्याला जिथे काहीच नाही तिथे मी जोड तयार करत होतो, आणि जिथे खरी जोड आहे तिथे मोकळा पत्रा ठेवत होतो.

या वेळी फोटोतली रिव्हेटांची रांग बॉडीवर पेन्सिलीने आखली आणि तिच्यावरूनच कापलं. एकदम करवत न चालवता, आधी स्टीलची पट्टी धरून ब्लेडच्या पाठीने आठ-दहा वेळा खाच ओढली. मग खाच पुरेशी खोल झाल्यावर टोक हलकेच आत-बाहेर केलं, ते कटकन सुटलं. कड एकदा सपाट कानसीवर फिरवली, बस. जोड खऱ्या जोडीच्या जागी आली की ती पूर्ण नाहीशी करावीच लागत नाही. पुढे थोडी खचली तरी ती पत्र्याची कड वाटते.

ताकद सगळी आतून. प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूला २ मिमी चौकोनी स्टायरीन पट्टी, पूर्ण उंचीची. आधी ती बाजूला चिकटवून दोन दिवस ठेवली, मग टोक तिच्यावर बसवलं. विलायक ब्रशने आतूनच सोडला. तो पट्टी आणि टोक यांच्या फटीत आपोआप ओढला जातो आणि बाहेरच्या कडेपर्यंत जेमतेम पोचतो. बाहेर थेंबही लावला नाही. पूर्वी मी बाहेरून ब्रश फिरवायचो, म्हणजे ज्या जागी प्लास्टिक फुगायला नको त्याच जागी विलायक पाजायचो.

मग तळाच्या आतल्या बाजूवर पेन्सिलीने तारीख लिहिली आणि डबा तीन आठवडे फ्रिजवर ठेवून दिला. तिथे मागून ऊब येते. त्याच दिवशी, त्याच द्रवाने, त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे जोडून शेजारी ठेवले. हा तुकडा फार उपयोगाचा. आठवड्याने त्याला घासून सपाट करायचं आणि पुढच्या आठवड्यात टॉर्च मारायचा. चर पडला असेल तर डबाही अजून तयार नाही. घाई करायची तर ती या तुकड्यावर करावी.

तीन आठवड्यांनी दोन ठिकाणी केसभर फट उरली होती. तिथे दातकोरणीच्या टोकाने फेविक्विक आणि पावडर, वीस मिनिटांनी पॉलिश पेपर. घासताना रांगेतले काही रिव्हेट गेलेच. त्यांची चिंता आता करत नाही, कारण डिकलच्या कागदावर राळेचे उंचावलेले रिव्हेट मिळतात. पट्टी कापायची, पाण्यात सोडायची, रांगेवर सरकवायची. फक्त हे प्रायमरचा थर झाल्यावर, गुळगुळीत पृष्ठभागावर करायचं आणि त्यावर रंग. उघड्या स्टायरीनवर फिल्मची कड दिसते. रिव्हेटमधलं अंतर फोटोवरून मोजून घ्या. कोपऱ्यातली रांग आणि मधली रांग यांत अंतर सारखं असेलच असं नाही.

हातकड्या १८ इंची, म्हणजे एचओत सव्वापाच मिमी. भोकं ०.३५ मिमीची. वरचा ब्रेकचा खांब, पायऱ्या वगैरे फोटोवरून. त्यात रेघेचा प्रश्न येत नाही.

बाजूच्या पट्ट्यांबद्दल मात्र दोन शब्द. एक्स-२९ चे बाजूचे पत्रे खालच्या कडेला गंजायचे आणि रेल्वे त्यावर ठिगळाच्या पट्ट्या जोडायची. १९४० किंवा १९५० च्या दशकातला डबा करायचा असेल तर अशी ठिगळं बऱ्याच फोटोंत दिसतात. मॉडेलवर ती ०.१३ मिमीच्या शीटची करतात. इतक्या पातळ शीटखाली विलायक गेला की ती पापडासारखी सुरकुतते, तीही लगेच नाही, दोन दिवसांनी. म्हणून पट्टी आधी दुहेरी चिकटपणाच्या पातळ टेपने किंवा कॅनपी ग्लू नावाच्या पांढऱ्या गोंदाने बसवायची. विलायक लावायचाच असेल तर फक्त चार कोपऱ्यांना, जवळजवळ कोरड्या ब्रशने. ठिगळाची वरची कड दिसली तर उत्तम, ती दिसायलाच हवी.

रंग मी जून ते सप्टेंबर मारत नाही. दमट हवेत लॅकरचा थर पांढुरका पडतो, आणि त्या पांढुरक्या थरावर डिकल चढवला की खाली हवा अडकून चांदी चमकते. ती चमक आणि जोडीची रेघ एकमेकींत मिसळली की निदानच होत नाही. पेन्सिल्व्हेनियाचं चिन्ह निवडताना वर्ष पाहा: वर्तुळातला कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचं चिन्ह) जुना, सावलीचा कीस्टोन १९५४ नंतरचा. ब्रेकचंही तसंच. जुन्या के पद्धतीच्या ब्रेक यंत्रणेचे डबे १९५३ मध्ये दुसऱ्या रेल्वेमार्गांवर जायला बंद झाले, त्यामुळे १९५५ च्या डब्याखाली ती ठेवू नका.

आधीच रंगवलेल्या डब्याचं काय

पूर्ण रंग उतरवायची गरज बहुधा पडत नाही. खचलेली रेघ चार-पाच महिने जुनी असेल तर ती खचायची तेवढी खचून झाली आहे, हा तिचा फायदाच. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, मधे ४ मिमीची पट्टी मोकळी ठेवा. तेवढ्यातला रंग ब्लेडच्या पाठीने खरवडा, चरात फेविक्विक-पावडर भरा, तासाभरात घासा, गेलेले रिव्हेट लावा, प्रायमर, रंग. मॉडेल पुट्टीला पुन्हा हात लावू नका. रेघ अजून ताजी असेल आणि रुंदावते आहे असं वाटत असेल तर काहीही करू नका, थांबा.

तड्याच्या डब्याचा तळ काढा. आधी वजन मोकळं करा, तळ सैल करा, मग आतून पट्ट्या द्या. तडा बाहेरून भरणं सगळ्यात शेवटी. रंग पूर्ण उतरवावाच लागला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये डबा तासभर बुडवून टूथब्रश फिरवा. स्टायरीनला ते काही करत नाही, पण फेविक्विकच्या जोडी कधी कधी ढिल्या होतात, तेवढं लक्षात ठेवा.

माझी तिसरी अशी दुरुस्त झाली. पहिलीचं काम दिवाळीनंतर. दुसरीच्या रेघेची रुंदी दर महिन्याला मोजून तळाखाली लिहितो आहे. जुलैत ०.६ मिमी होती, ऑगस्टमध्ये ०.७, सप्टेंबरमध्येही ०.७. ऑक्टोबरला तेवढीच भरली तर मास्किंग टेप हातात घेतो.